वसंतातली टर्कीची शिकार: नवख्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. ते इथे एकत्र केले आहेत. नियम राज्यागणिक वेगळे असतात आणि दरवर्षी थोडेफार बदलतात. त्यामुळे इथले आकडे वाट कळण्यापुरते घ्या. शेवटचा शब्द तुमच्या राज्याच्या वन्यजीव खात्याने काढलेल्या चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेचा.

१. टर्की तर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगला खातात. मग शिकार वसंतात कशी?

दुकानातली पांढरी, जाडजूड टर्की पाळीव. तिला धड उडताही येत नाही. रानटर्की सडपातळ, काळपट तपकिरी असते, उन्हात तिच्या पिसांवर तांब्यासारखी झळाळी दिसते, आणि ती रोज संध्याकाळी उंच झाडावर रातथाऱ्याला जाते. शिकार होते ती हिची. काही राज्यांत शरदातही हंगाम असतो, पण खरी रंगत वसंतात, कारण तो विणीचा काळ. उजाडायच्या आधीच नर फांदीवरून गडगडाटी आवाज काढून माद्यांना बोलावतो. त्यालाच गॉबल म्हणतात. शिकारी मादीचा आवाज काढून त्याला आपल्याकडे ओढतो. गोम अशी, की रानात मादी नराकडे चालत जाते. आपण नेमकं उलटं मागतो, आणि नराला ते खटकतं. या शिकारीतली निम्मी अवघड कोडी इथूनच निघतात.

२. भारतात शिकार गुन्हा आहे. इथे सरकारच परवाना देतं, हे कसं?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी परवानाधारक शिकारी पाहिलेलाच नसतो. अमेरिकेने वेगळी वाट धरली. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रानटर्की अनेक राज्यांतून नाहीशी झाली होती. पुढे खात्यांनी जाळी तोफेने उडवून जंगली पक्षी धरले आणि रिकाम्या झालेल्या रानांत नेऊन सोडले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शॉटगन, रायफल आणि काडतुसांवरचा कर (आज ११ टक्के) वन्यजीवांसाठी राखून ठेवला. तो पैसा आणि परवान्यांचं शुल्क वन्यजीवांच्या कामाला लागतं. आज अलास्का सोडून सगळ्या राज्यांत टर्कीचा हंगाम असतो.

वसंतात साधारणपणे नरच मारायचा असतो, कारण एक नर अनेक माद्यांशी जुगतो. मादी १०-१२ अंडी घालते आणि २८ दिवस उबवते. बऱ्याच माद्या अंड्यांवर बसायला लागतील असा बेत धरून तारखा ठरवल्या जातात. दक्षिणेतल्या काही राज्यांत अलीकडे संख्या घटल्यावर हंगाम पुढे ढकलला आणि एका शिकाऱ्याला किती पक्षी मारता येतील ती मर्यादा कमी केली, ती याच हिशेबाने.

३. मी एच-१बी वर आहे. बंदूक हातात घेतली तर व्हिसाचं काही होईल का?

हा प्रश्न हलक्यात घेऊ नका. केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला, म्हणजे एच-१बी, एच-४, एफ-१, एल-१ वगैरे, बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. एक महत्त्वाचा अपवाद: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना तुमच्याकडे असेल तर ही मनाई लागू होत नाही.

यात तीन जागी पाय घसरतो. एक, "बाळगणं" म्हणजे मालकी नव्हे. मित्राची बंदूक नेमबाजीच्या रेंजवर हातात घेणंही त्यात येऊ शकतं. म्हणून आधी परवाना, मग सराव. दोन, परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि कपाटातली बंदूक त्या दिवसापासून बेकायदा ठरते. नूतनीकरणाची तारीख पासपोर्टच्या तारखेसारखी सांभाळा. तीन, दुकानात बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात या अपवादाचा प्रश्न येतो. तिथे अंदाजाने खूण करू नका, परवाना सोबत न्या.

ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई मुळातच नाही. मात्र राज्याचे नियम सगळ्यांना वेगळे पाळावे लागतात. न्यू जर्सीत साधी शॉटगन घ्यायलाही आधी खरेदीचं ओळखपत्र काढावं लागतं. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल, तर एकदा इमिग्रेशन वकिलाला विचारून घेतलेलं बरं. बंदुकीच्या भानगडीत पडायचंच नसेल तर प्रश्न २० पाहा.

४. कागदपत्रं कोणती आणि कोणत्या क्रमाने?

पहिलं हंटर एज्युकेशन. बहुतेक राज्यांत हा अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो; काही ठिकाणी त्यानंतर अर्ध्या-एक दिवसाचा प्रत्यक्ष वर्ग असतो. एका राज्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात चालतं, ते जन्मभर जपून ठेवा. वर्ग मार्चमध्ये भरून जातात, म्हणून जानेवारीतच नाव नोंदवा.

दुसरा शिकारीचा मूळ परवाना. तिसरा टर्कीचा वेगळा परमिट किंवा टॅग (मारलेल्या पक्ष्याला लावायची चिठ्ठी), आणि नवखे अडतात ते इथे. मूळ परवान्यात टर्की धरलेली असेलच असं नाही. कॅलिफोर्नियात प्रौढांना वर अपलँड गेम बर्ड व्हॅलिडेशन लागतं. न्यू जर्सीत विभाग आणि आठवडा धरून परमिट मिळतात, त्यांची सोडत हंगामाच्या बरीच आधी होते. एप्रिलमध्ये जागं होणाऱ्याच्या हाती उरलेसुरले परमिट लागतात.

५. हंगाम कधी असतो? दिवसभर शिकार करता येते का?

दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो. फ्लोरिडाच्या दक्षिण भागात मार्चच्या सुरुवातीला, कॅलिफोर्नियात मार्चच्या शेवटच्या शनिवारी, न्यूयॉर्कमध्ये १ ते ३१ मे. वेळ बहुतेक ठिकाणी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते, संपण्याची वेळ मात्र वेगवेगळी: न्यूयॉर्कमध्ये दुपारी १२, कॅलिफोर्नियात संध्याकाळी ५, काही राज्यांत सूर्यास्त. बारा म्हणजे बारा. पक्षी ६० यार्डांवर येऊन उभा असला तरी बंदूक रिकामी करायची.

६. नर, मादी, पोरगा: अंधुक उजेडात ओळखायचं कसं?

प्रौढ नर म्हणजे टॉम. डोकं लाल, पांढरं आणि निळं, आणि ते रंग क्षणात बदलतात. छातीतून घोड्याच्या केसांसारखी राठ काळी दाढी लोंबते, चांगल्या टॉमची ९-१० इंच. पायामागे टोकदार काटा असतो, त्याला स्पर म्हणतात. वजन साधारण १६ ते २५ पौंड. मादीचं डोकं निळसर करडं, छातीच्या पिसांची टोकं तपकिरी, त्यामुळे ती एकूण मातकट दिसते. वजन ८-१० पौंड.

एक वर्षाच्या नराला जेक म्हणतात. दाढी ३-५ इंच, काट्याच्या जागी नुसतं बटण. सर्वात खात्रीची खूण शेपटीच्या पंख्यात असते: जेकची मधली पिसं बाजूच्या पिसांपेक्षा लांब असतात, त्यामुळे पंख्याची कड मधेच वर उचललेली दिसते. टॉमच्या पंख्याची कड सलग गोल असते. जेक मारणं अनेक राज्यांत कायदेशीर आहे, काहींत नाही.

आवाज ही ओळख नव्हे. झाडीमागून गॉबल आला म्हणजे तिथे टॉम आहे असं ठरवू नका. तो कॉल, म्हणजे टर्कीचा आवाज काढायचं साधन, वाजवणारा माणूसही असू शकतो. डोकं, दाढी आणि पूर्ण शरीर दिसल्याशिवाय बोट चापाजवळ न्यायचं नाही.

७. बंदूक आणि काडतूस कुठलं घ्यावं?

१२ किंवा २० गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) पंप शॉटगन पुरते. नवी साधी पंप गन साधारण ३०० ते ५०० डॉलरला मिळते. २० गेज "बायकामुलांची बंदूक" हा गैरसमज सोडा. ती हलकी असते, कमी धक्का देते, आणि आजच्या काडतुसांनी काम चोख करते. तोंडाशी फुल किंवा टर्कीचा एक्स्ट्रा-फुल चोक, म्हणजे छर्रे एकवटणारी अरुंद नळी, लावा.

शिशाचे ४, ५ किंवा ६ नंबरचे छर्रे ३ इंची काडतुसात घेतले की ४० यार्डांपर्यंत पुरे. टंगस्टनचे टीएसएस (टंगस्टन सुपर शॉट) छर्रे शिशापेक्षा दीडपटीहून जास्त घन असतात, त्यामुळे ९ नंबरसारखा बारीक छर्राही खोल जातो आणि काडतुसात त्यांची संख्या खूप मावते. पण एका काडतुसाला १० डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिसं वापरून कुठलीच शिकार करता येत नाही, तिथे टंगस्टन, बिस्मथ किंवा पोलाद. छर्ऱ्याचा कमाल-किमान आकारही राज्य ठरवतं. साडेतीन इंची काडतुसाच्या नादी लागू नका. खांद्याला दणका बसतो, माणूस बार उडण्याआधीच अंग चोरतो आणि नेम चुकतो.

८. पॅटर्निंग, म्हणजे छर्रे कुठे आणि किती दाट पडतात ते कागदावर तपासणं, खरंच करावं लागतं? दुकानदार म्हणाला, चोक लावला की झालं.

करावंच लागतं. तोच चोक आणि तेच काडतूस दोन बंदुकांतून वेगळे छर्रे फेकतात. डोळ्यांवर चष्मा, कानांवर संरक्षक लावा, आणि:

तीन फूट रुंद-उंच कागद टांगा, मधे टर्कीचं डोकं आणि मान काढा. आधी स्वस्तातलं हलकं काडतूस घेऊन २० यार्डांवरून मारा आणि छर्ऱ्यांचा मध्य नेमाच्या जागीच येतो का ते बघा. चार इंच वर-डावीकडे जात असेल तर हंगामात ते आपोआप सुधारणार नाही. बंदुकीला समायोजित होणारी साइट (नेम धरायची खूण) किंवा रेड डॉट (नेमाचा लाल ठिपका दाखवणारं भिंग) लावा. मग टर्कीचं काडतूस, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून, ४० यार्डांवरून. दाट भागाभोवती १० इंच व्यासाचं वर्तुळ काढून भोकं मोजा. शंभर किंवा जास्त असली तर उत्तम. कमी पडली तर ३५ वर या, मग ३०. जिथे शंभर भरतात ती तुमची हद्द, डब्यावर काहीही छापलेलं असो.

शेवटी एक बार १० यार्डांवरून मारा. कागदाला जेमतेम संत्र्याएवढं एकच भोक पडेल. "इतक्या जवळून कसा हुकला" याचं उत्तर तेच.

९. कपडे काय घालायचे? लाल स्वेटशर्ट आत घातला तर चालेल?

नाही. लाल, पांढरा, निळा आणि काळा, यातला एकही रंग कुठेच नको: आतला बनियन, मोजे, रुमाल, टोपीचं अस्तर, काही नाही. हे टर्कीच्या डोक्याचे आणि अंगाचे रंग आहेत, आणि झाडीत दुसऱ्या शिकाऱ्याला तेवढाच ठिपका दिसतो. पांढरा मोजा पँट वर सरकली की चमकतो, हा नेहमीचा घोळ.

टर्कीला रंग दिसतात आणि मान न हलवता जवळजवळ तीन चतुर्थांश परीघ दिसतो. वास मात्र फारसा येत नाही, म्हणून वाऱ्याची चिंता हरणाच्या शिकाऱ्यांना करू द्या. डोक्यापासून पायापर्यंत कॅमो (रानात मिसळून जाणाऱ्या नक्षीचे कपडे) हवा, चेहऱ्यावर जाळी आणि हातांत मोजे धरून. उघडे हात सर्वात जास्त हलतात आणि सर्वात आधी दिसतात.

गोचिडीची काळजी घ्या. लाइम रोग तिच्यामुळे होतो. कपड्यांवर आणि बुटांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी फवारून पूर्ण वाळवा. ते अंगाला लावायचं नसतं, आणि ओलं असताना मांजराला विषारी असतं. पँट मोज्यांत खोचा. घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची घडी तपासा. बुडाखाली जाड गादी घ्या, तिची टिंगल करू नका. कुल्ले दुखायला लागले की माणूस हलतो, आणि हललेला माणूस टर्की हमखास पाहते.

१०. कॉल कोणता शिकावा? तोंडातला जमतच नाही, ओकारी येते.

बॉक्स कॉल घ्या. लाकडी पेटीच्या कडेवर झाकण घासायचं, दहा मिनिटांत ओळखू येईल असा आवाज निघतो. झाकणाला तेल नसलेला खडू लावा आणि पावसापासून जपा. ओला बॉक्स मुका होतो. त्यानंतर पॉट कॉल: पाटीच्या चकतीवर काडी पेनासारखी धरून छोटे गोल काढायचे. चकती अधूनमधून बारीक सँडपेपरने खरवडा, बोट लावू नका, बोटाच्या तेलकटपणाने काडी घसरते. तोंडातला डायफ्रॅम हात मोकळे ठेवतो, पण त्याला हिवाळाभर गाडीत सराव लागतो. ओकारी येत असेल तर लहान मापाचा घ्या.

सुरुवातीला तीन आवाज पुरे. यल्प, म्हणजे सारख्या लयीतले पाच-सात सूर. क्लक, एकेकटा तुटक. आणि हळू घरघरणारा पर. सुरापेक्षा लय महत्त्वाची; खऱ्या माद्याही बेसूर असतात. पट् असा तीक्ष्ण तुटक आवाज धोक्याचा इशारा आहे. क्लक जोरात काढायला जाल तर नेमका तोच निघेल. रेकॉर्ड केलेला आवाज यंत्रावर वाजवणं बहुतेक राज्यांत बेकायदा आहे.

११. शिकारीला जागा कुठे मिळेल? माझ्याकडे शेत नाही, अपार्टमेंट आहे.

राष्ट्रीय वनं आणि राज्यांची वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्रं सर्वांना खुली असतात, काहींना जादा परमिट लागतो. खासगी जमिनीवर मालकाची लेखी परवानगी घ्या. फेब्रुवारीत, दिवसाउजेडी, कॅमो न घालता जा. टेक्सस, मिझुरी, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांत झाडावरचा जांभळा पट्टा म्हणजे "आत यायला मनाई" ची पाटीच.

हंगामाआधी दोन-तीन पहाटे नुसतं ऐकायला जा, कॉल न करता. जमिनीवर खुणा शोधा: उकरलेला पालापाचोळा, मातीत आंघोळीचे खळगे, विष्ठा. नराची विष्ठा इंग्रजी जे अक्षरासारखी वाकडी, मादीची गोगलगायीसारखी गुंडाळलेली. दाणे टाकून आमिष लावणं बहुतेक राज्यांत गुन्हा आहे, दुसऱ्याने टाकलेल्या दाण्यांवर बसलात तरी.

१२. पहिल्या पहाटे नेमकं काय करायचं?

आदल्या संध्याकाळी सूर्य मावळताना घुबडाचा आवाज काढा. नर चिडून गॉबल करतो आणि रातथाऱ्याचं झाड कळतं. सकाळी सूर्योदयाच्या तासभर आधी जागेवर हजर हवं. लाल टॉर्च, तोही जमिनीकडे. झाडापासून १००-१५० यार्डांवर थांबा. त्याहून जवळ गेलात तर तो फांदीवरूनच तुम्हाला पाहील.

खांद्यांपेक्षा रुंद आणि डोक्यापेक्षा उंच बुंधा निवडा. तो तुमची आकृती लपवतो आणि पाठीमागून येणाऱ्या छर्ऱ्यांपासून वाचवतो. उजव्या हाताने मारणाऱ्याने डावा खांदा पक्ष्याच्या दिशेने ठेवावा, म्हणजे बंदूक दोन्ही बाजूंना फिरते. डावा गुडघा वर, त्यावर बंदूक, कुंदा खांद्याशी. बसण्याआधी पायाखालची वाळकी पानं सारून घ्या. पावलांनी ३० आणि ४० यार्डांवरची एकेक खूण ठरवा, एखादा खडक, एखादं खोड, कारण मोकळ्या रानात अंतर फसवतं.

तो फांदीवरून ओरडत असताना दोन-तीन हळू यल्प, बस्स. त्याने उत्तर दिलं म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्याला कळलं. ते तो विसरत नाही. आता हात खाली. फांदीवर असताना जास्त बोलावलंत तर तो तिथेच बसून तुमची वाट बघतो. पंख फडफडल्याचा आवाज आला, तो जमिनीवर उतरला, की एकदा थोडं उत्साहात यल्प करा आणि गप्प बसा. पक्षी दिसू लागला की बंदूक हलवायची ती त्याचं डोकं झाडाआड किंवा पंख्याआड असतानाच.

१३. दर मिनिटाला ओरडतोय, पण ७० यार्डांवर येऊन थबकतो. का?

कारण त्याच्या हिशेबाने आता मादीने पुढे यायचं असतं. प्रश्न १ मधली गोम तीच. शिवाय मधे ओढा, कुंपण किंवा खाच असेल तर तो ओलांडायला कुरकुरतो, म्हणून बसण्याआधी नकाशा बघा. उपाय: कॉल बंद करा. हाताने पाचोळा उकरा, दोन खरवड, थांबा, एक खरवड, चरणाऱ्या मादीसारखं. वीस मिनिटं तशीच जाऊ द्या. तो नजरेआड असेल आणि सोबती असेल, तर सोबत्याने ४०-५० यार्ड मागे सरकून कॉल करावा. मादी निघून चालली असं वाटून पक्षी पुढे येतो आणि पुढे बसलेल्याच्या टप्प्यात सापडतो.

आवाजाच्या रोखाने रांगत जाऊ नका. पेनसिल्व्हेनियात वसंतात कॉल करूनच शिकार करता येते, दबकत जाणं कायद्यानेच बंद आहे.

१४. सात वाजता सगळं शांत झालं. घरी जावं का?

बहुतेक जण तेव्हाच जातात आणि तिथेच चुकतात. सकाळी नराभोवती माद्या असतात, त्याला तुमची गरज नसते. नऊच्या पुढे माद्या एकेक करून घरट्याकडे सटकतात, आणि दहाच्या सुमारास एकटा पडलेला टॉम सकाळी ऐकलेल्या आवाजाचा माग काढत येतो, बहुधा एकदाही न ओरडता. म्हणून जिथे सकाळी उत्तर मिळालं तिथेच बसून राहा, दर पंधरा-वीस मिनिटांनी हलके यल्प, आणि डोळे उघडे. हवेचा दाब, चंद्र, पाऊस यांवर भरपूर बोललं जातं. पावसात पक्षी मोकळ्या कुरणात येतात एवढं धरून चला, बाकी सोडून द्या.

१५. डिकॉय (टर्कीचा खोटा पुतळा) लावलाय आणि दुसरा शिकारी चालत येताना दिसला. हात हलवून सांगू का?

अजिबात नाही. हात हलवू नका, उभे राहू नका, टर्कीचा आवाज तर चुकूनही काढू नका. जागेवर स्थिर राहून माणसाच्या स्वच्छ, मोठ्या आवाजात हाक द्या: "हंटर हिअर!" त्याने तुम्हाला पाहून तोंड वळवेपर्यंत तसेच राहा. सकाळ वाया गेली, जाऊ द्या.

डिकॉय लागतोच असं नाही. दाट जंगलात त्याचा फारसा उपयोग नसतो, कुरणात असतो. लावायचा तर १५-२० यार्डांवर, मादी तुमच्याकडे तोंड करून. जेक लावलात तर त्याचंही तोंड तुमच्याकडे; टॉम त्याला समोरून भिडायला येतो, म्हणजे तुमच्याकडे पाठ करतो. डिकॉयच्या पलीकडचं लांबवर दिसलं पाहिजे. नेताआणताना तो पूर्ण पिशवीत, लाल डोकं बाहेर डोकावता कामा नये. काही राज्यांत डिकॉयवर बंधनं आहेत.

१६. बार कुठे आणि कधी मारायचा? समोर होता, तरी हुकला.

मानेवरच्या लाल मांसल गाठी संपून पिसं सुरू होतात, तिथे नेम धरा. शरीरावर नको, पिसं आणि छातीचा स्नायू छर्रे अडवतात आणि पक्षी जखमी होऊन पळतो. पिसारा फुलवून मिरवत असताना मान आखडलेली असते, तेव्हाही नको. एक क्लक करा, तो मान ताठ करतो, मग. उडत्या पक्ष्यावर कधीच नाही.

हुकण्याची कारणं बहुधा ठरलेली. पक्षी बघायला गाल कुंद्यावरून उचलला, की बार डोक्यावरून जातो. अंतर ५५ असताना ४० वाटलं. किंवा प्रश्न ८ मधलं संत्रं. दोन नर चिकटून उभे असतील तर थांबा. एका बारात दोन पडले तर मर्यादा मोडू शकते, आणि "चुकून" हे उत्तर वॉर्डनला, म्हणजे वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला, चालत नाही.

१७. पडला! आता?

सेफ्टी लावा, बंदुकीचं तोंड सुरक्षित दिशेला, चालत जा. भरलेली बंदूक घेऊन धावत सुटणं हा या शिकारीतला जुना अपघात. पक्षी मेल्यावरही मिनिटभर पंख झोडतो. मानेवर पाय द्या आणि काट्यांपासून हात जपा. मग बंदूक रिकामी करा.

जागेवरच टॅग भरा, तारीख-वेळेसह, गाडीपाशी जाऊन नाही. त्यानंतर फोनवर किंवा संकेतस्थळावर नोंद. त्याची मुदत कुठे त्याच दिवसाची, न्यूयॉर्कमध्ये ७ दिवसांची. काही ठिकाणी दाढी किंवा डोकं घरी पोचेपर्यंत पक्ष्याला जोडलेलं ठेवावं लागतं. बाहेर नेताना पक्षी भगभगीत केशरी पिशवीत गुंडाळा.

१८. साफ करायचा कसा? पिसं काढू की कातडी?

मे महिन्यातलं ऊन आहे, आधी आतडी काढा आणि पोटात बर्फाच्या पिशव्या भरा. पूर्ण पक्षी भाजायचा असेल तर १४५-१५० अंश फॅरनहाइटच्या पाण्यात मिनिटभर बुडवून पिसं उपटा. नाहीतर सोला, आपल्या पद्धतीच्या रश्शाला कातडी लागतच नाही. छातीच्या मधल्या हाडालगत दोन्ही बाजूंनी सुरी घालून मांस सोडवा. मानेखालची अन्नपिशवी फुटू न देता काढा; फाडून बघितलीत तर पक्षी काय खात होता ते कळतं, कोवळा पाला, बी, भुंगे. मांड्या आणि तंगड्या टाकून जाणारे लोक आहेत. तो माज आहे, आणि काही राज्यांत खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा गुन्हाही आहे.

१९. चिकनसारखं केलं, चामडं झालं. काय चुकलं?

छाती आणि तंगडी एकाच भांड्यात शिजवलीत. छातीत चरबी नाही. ती धाग्याला आडवी कापून रात्रभर दही-आलं-लसणात ठेवा, किंवा लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ६-८ तास. मग तव्यावर झटपट, आतलं तापमान १६५ अंश फॅरनहाइट झालं की लगेच उतरवा. त्यापुढचं प्रत्येक मिनिट तिला कोरडी करतं.

तंगडीतल्या शिरा हाडासारख्या कडक असतात. तिला गावठी कोंबड्यासारखं वागवा: कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ४०-४५ मिनिटं, मांस हाडावरून सोडवा, शिरा वेचून टाका, आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात परता. खाणाऱ्यांना छर्ऱ्यांची कल्पना द्या. टंगस्टनचा छर्रा दाताखाली आला तर तुटतो तो दात.

२०. बंदूक न घेता धनुष्यबाणाने करता येईल?

येते. केंद्रीय कायद्यात धनुष्यबाण बंदूक धरत नाहीत, त्यामुळे प्रश्न ३ मधली मनाई लागत नाही. शिकारीचा परवाना मात्र लागतोच. धनुष्य ताणताना हालचाल होते, म्हणून तंबूसारखं लपण जवळजवळ आवश्यक. अंतर २० यार्डांच्या आत. पहिल्याच वर्षी यश मिळेल अशी आशा ठेवू नका.

२१. मादीला दाढी होती. मारली तर गुन्हा?

थोड्या माद्यांना दाढी येते. ज्या राज्याचा नियम "दाढीवाला पक्षी" असा आहे तिथे ती कायदेशीर, "नर" असा असेल तिथे नाही. शब्द नीट वाचा. कायदेशीर असली तरी सोडून द्या. ती बहुधा अंड्यांवरून उठून आलेली असते.

२२. जखमी पक्षी शेजारच्या कुंपणापलीकडे गेला तर?

बंदूक ठेवा आणि मालकाला विचारा. पाठलागाचा हक्क बहुतेक राज्यांत तुम्हाला कुंपणापलीकडे नेत नाही. मालकाने नकार दिला तर वॉर्डनला फोन करा. ज्या जागी पक्षी शेवटचा दिसला तिथे रुमाल बांधून ठेवा, लाल, पांढरा, निळा आणि काळा सोडून. जखमी टर्की पहिल्या दाट झुडपात दडते आणि दोन फुटांवरूनही दिसत नाही.

२३. मुलाला सोबत नेऊ का?

न्या. हंगामाच्या आदल्या शनिवार-रविवारी बऱ्याच राज्यांत मुलांसाठी खास दिवस असतात. नुसतं बसायला परवाना सहसा लागत नाही, पण काही राज्यांत कॉल करणाऱ्याच्या नावावरही परवाना लागतो. लहान मूल तीन तास स्थिर बसणार नाही, तेव्हा तंबूचं लपण, खाऊ आणि कानसंरक्षक न्या.

२४. व्हिडिओत एक जण टर्कीचा पंखा तोंडासमोर धरून सरपटत जातो आणि टॉम अंगावर धावून येतो. सोपं दिसतंय. करू का?

नका करू. पक्षी फसतो हे खरं, पण दुसरा शिकारीही फसतो. काही राज्यांनी सार्वजनिक जमिनीवर हा प्रकार बंदच केला आहे. गवतातून टर्कीचा पंखा हळूहळू सरकताना दिसतोय आणि त्यामागे माणूस आहे हे समोरच्याला ठाऊक नाही, एवढं डोळ्यांसमोर आणा आणि प्रश्न १५ पुन्हा वाचा.